साठ वह्या आणि एआयचा शेरा

अनेक उत्तम आशीर्वाद.

नववीच्या साठ निबंधांवर शेरे लिहायला एआयची मदत घ्यायचं ठरवलंस, चांगलं आहे. नुसतं 'छान' वाचून पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला कळत नाही.

सुरुवात पाच वह्यांपासून कर. आधी स्वतः वाचून एकेक ओळ लिही, मग एआयचा शेरा ताडून बघ. वहीचा फोटो दिलास तर त्यातून त्याने उतरवलेला मजकूर आधी माग आणि वहीशी जुळव. जोडाक्षरं, अनुस्वार चुकतात. त्याहून वाईट म्हणजे मुलाची चूक वाचतानाच परस्पर दुरुस्त होते आणि शेरा येतो, 'शुद्धलेखन उत्तम'!

'निबंध तपास' एवढंच सांगितलंस तर दहा-बारा मुद्दे येतील, वर निबंधही नव्याने लिहून मिळेल. म्हणून असं सांग: 'नववीतल्या मुलाचा निबंध आहे. जमलेली एक जागा त्याच्याच वाक्यासह दाखव. सुधारायची एकच जागा निवड, तिथे उत्तर न देता प्रश्न विचार. चाळीस शब्द. पुनर्लेखन नको, गुण नकोत.' 'पावसात खूप मजा आली' या वाक्याला 'नेमकं काय केलंस, सोबत कोण होतं?' हा प्रश्न पुरतो. शेऱ्यात दाखवलेलं वाक्य वहीत सापडलं नाही तर तो शेरा टाकून दे.

गुण नकोत, कारण तोच निबंध दोनदा दिला तर गुण बदलू शकतात. शिवाय रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही दिले तिथे तो फायदा उरला नाही.

शुद्धलेखनात विशेष जप. हिंदीच्या वळणाने 'कवी'चं 'कवि' होऊन येऊ शकतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. 'आणि', 'परंतु' हे अपवाद, आणि समासात 'कविसंमेलन' ऱ्हस्वच. वऱ्हाडातल्या मुलाने आजीच्या तोंडी घातलेलं 'काहून' खोडून 'का' सुचवलं जाईल. ते मानू नकोस. त्या एका शब्दाने आजी निबंधात उभी राहिलेली असते.

नाव, शाळा, पत्ता काढूनच मजकूर दे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. वडिलांच्या दारूबद्दल कुणी लिहिलं असेल तर तो निबंध एआयला देऊच नकोस. त्या मुलाशी मधल्या सुट्टीत बोल.

शेरा वहीत तुझ्याच हाताने उतरव. वह्या वाटल्यावर त्याच तासाची दहा मिनिटं राखून ठेव: ज्या जागी प्रश्न विचारलाय, तेवढाच परिच्छेद प्रत्येकाने पुन्हा लिहायचा.