१९६७ च्या कॅमारोला सॉलिड इंजिन माउंटिंग बसवावीत का?

आपल्या १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोत, ३२७ क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनासह, पहिल्या गिअरमध्ये जोरात निघताना इंजिन डावीकडून उचलले जाते आणि पंखा आच्छादनाला घासतो. म्हणून इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारी दोन्ही बाजूंची माउंटिंग रबर नसलेली, म्हणजे सॉलिड, बसवावीत का, असे आपण विचारले आहे. गाडी रस्त्यावरच चालवायची असेल तर बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माउंटिंगला थरथर शोषून घ्यायची असते आणि इंजिन जागेवर धरूनही ठेवायचे असते. मूळ रचनेत ही दोन्ही कामे पोलादी पट्ट्यांमध्ये चिकटवलेल्या रबराच्या एकाच ठोकळ्यावर सोपवलेली होती, आणि दुखणे तिथेच आहे.

चार बॅरल कार्ब्युरेटरच्या ३२७ चा टॉर्क सुमारे ४९ किलोग्रॅम-मीटर आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५ धरले, तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला मिळणारा पीळ १२० किलोग्रॅम-मीटरच्या वर जातो. तेवढाच उलटा पीळ इंजिन व गिअरबॉक्सला बसतो. दोन माउंटिंगमधले अंतर अर्धा मीटर मानल्यास डाव्या बाजूला वर खेचणारा जोर २४० किलोच्या घरात येतो, म्हणजे त्या बाजूवर विसावलेल्या इंजिनाच्या वजनापेक्षा बराच अधिक. रबर दाब वर्षानुवर्षे सोसते, पण पट्टीपासून सोलवटून काढणारा ताण त्याला मानवत नाही. त्यात व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपणारे तेल आणि एक्झॉस्टची धग असली की ते लवकरच सुटते.

हे केवळ आपल्याच गाडीचे नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने याच दोषासाठी सुमारे ६७ लाख वाहने परत बोलावली आणि त्यांत १९६७ ते १९६९ च्या व्ही-८ कॅमारोही होत्या. माउंटिंग तुटून इंजिन उचलले गेले की ॲक्सिलरेटरची जोडणी अडकून थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा सोडणारी झडप) उघडाच राहू शकत असे आणि पॉवर ब्रेकची व्हॅक्यूम नळीही निसटू शकत असे. त्यावर कंपनीने केलेला उपाय साधा होता: रबर तुटले तरी इंजिन फार उचलले जाऊ नये म्हणून एक पोलादी दोर.

मी तोच विचार पुढे नेईन. रबर असलेली, परंतु ज्यांचे दोन्ही धातूचे भाग एकमेकांत अडकलेले असतात अशी माउंटिंग घ्यावीत. रबर फाटले तरी ती सुटत नाहीत. ती ब्रॅकेटशी जुळणारीच हवीत, कारण उंची थोडी बदलली तरी पंख्याची जागा आणि शाफ्टचा कोन दोन्ही बिघडतात. शिवाय डाव्या सिलिंडर हेडपासून सबफ्रेमपर्यंत (बॉडीच्या पुढच्या भागाखाली जोडलेल्या पोलादी सांगाड्यापर्यंत) साखळी किंवा दोर लावावा, मात्र इंजिनाच्या नेहमीच्या हालचालीपुरती ढील ठेवावी. ताणून बांधल्यास थरथर थेट सांगाड्यात उतरेल. पॉलियुरेथेनची, म्हणजे रबराहून कडक प्लास्टिकची, माउंटिंग हा मधला पर्याय आहे. आयडलवर आरसा थरथरेल आणि डॅशबोर्ड खडखडेल, एवढे चालत असेल तर ती घ्यायला हरकत नाही. सॉलिड माउंटिंग शर्यतीच्या गाडीत शोभतात, जिथे आवाजाची तक्रार करायला शेजारी कोणी बसलेले नसते.

खर्च करण्यापूर्वी गाडी मोकळ्या जागेत उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण्या लावाव्यात आणि बॉनेट उघडावे. आत बसलेल्या माणसाने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडावा आणि आपण गाडीच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहून पाहावे. पहिल्या गिअरमध्ये डावी बाजू आणि रिव्हर्समध्ये उजवी उचलली जाते. एखादी बाजू झटकन वर येऊन धाडकन बसत असेल तर ते माउंटिंग सुटलेले आहे. त्याच वेळी सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामधली रबरेही तपासावीत. या कॅमारोत इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही त्या सबफ्रेमवरच बसतात, त्यामुळे ती रबरे कुजलेली असतील तर माउंटिंग कितीही भक्कम केली तरी इंजिन सबफ्रेमसकट हलत राहील.