वाचक विचारतात : घरशाळेचं वेळापत्रक का टिकत नाही?

मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. जूनपासून दोघांना घरीच शिकवतोय. सकाळी ८ ते १, चाळीस मिनिटांचे तास असं वेळापत्रक भिंतीला लावलं. घरी दोन म्हशी, भाताची शेती. आठवडाभरही ते पाळलं जात नाही, रोप लागवडीत तर सगळंच बंद पडलं. कुठे चुकतंय? — एक आई, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

ताई, भिंतीवर लावलंय ते शाळेचं वेळापत्रक आहे. हजेरी घेणं, तीस-चाळीस वह्या तपासणं, वर्ग शांत करणं, या सगळ्याचा वेळ त्या पाच तासांत धरलेला असतो. दोनच मुलं समोर असताना तेवढं लागत नाही. सात वर्षांच्या मुलाला पुस्तक-वहीचं काम दिवसाला दीड तास पुरे, तेही १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत. मुलीला अडीच तास, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून.

कागदावर आधी अभ्यास लिहू नका. जे हलत नाही ते लिहा : सकाळ-संध्याकाळच्या धारा, डेअरीला दूध घालायची वेळ, जेवण, बाजाराचा वार. मग उरलेल्या फटी दिसतील. बहुतेक घरांत दोनच मोठ्या निघतात, साधारण साडेनऊ ते अकरा आणि दुपारी अडीच ते साडेतीन. तुमच्याशिवाय अडतं ते पहिल्या फटीत घ्या : नवं गणित, धाकट्याचं वाचन. एकट्याने होणारं काम दुसऱ्या फटीत. खरी ओढाताण होते ती दोघांना एकाच वेळी आई लागते तेव्हा. म्हणून धाकटा जवळ बसून वाचत असेल तेव्हा मोठीला शुद्धलेखन किंवा आधी समजलेली उदाहरणं द्या, अर्ध्या तासाने अदलाबदल करा.

वारांना विषय बांधू नका. मुलीसाठी आठवड्याला २० चिठ्ठ्या करून डब्यात टाका, एक चिठ्ठी म्हणजे अर्धा तास : गणित ५, मराठी ५, कन्नड ४, इंग्रजी ४, परिसर २. रोजच्या पाच चिठ्ठ्या धरल्या तर चार दिवसांत डबा रिकामा होतो. पाचवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण कुठल्या तरी दिवशी म्हैस आजारी पडणार किंवा पाहुणे येणार. तरीही चिठ्ठ्या उरल्या तर गणिताच्या आणि कन्नडच्या तेवढ्या पुढच्या आठवड्यात न्या, बाकीच्या फेकून द्या. थकबाकी वाढली की डबा बघायचाही कंटाळा येतो.

कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते. ती तुम्ही पाळायलाच हवी असं नाही. तुमची मोठी सुट्टी पावसाळ्यातल्या लागवडीत आणि भाताच्या सुगीत घ्या. मात्र शून्यावर येऊ नका. पंधरा मिनिटं गणित, पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, एवढं चालू ठेवा. पाढे आणि हातच्याची वजाबाकी महिनाभर पूर्ण सुटली तर पुन्हा सुरू करताना पहिले कितीतरी दिवस उजळणीतच जातात. आणि एक स्पष्ट सांगायला हवं : शेतातलं प्रत्येक काम ‘शिक्षण’ म्हणून वहीत मांडू नका. ओळीतली रोपं मोजून वाफ्याचा अंदाज काढणं हे गणित झालं. दिवसभर चिखलात वाकणं ही मजुरी झाली, त्यानंतर अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत.

पावसात वीज जाते, रेंज जाते. म्हणून पुस्तकांच्या पीडीएफ मे महिन्यातच उतरवून लागतील ती पानं छापून घ्या. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पुस्तकं आणि बालभारतीची पुस्तकं, दोन्ही ऑनलाइन मोफत मिळतात. मुलं पुढे इथल्याच शाळेत जाण्याची शक्यता असेल तर पाया कर्नाटकच्या पुस्तकांचा ठेवा, बालभारती अवांतर वाचनाला. दोन्ही संच पूर्ण करायचा हट्ट नको.

मुलगा ११ वर्षांचा. त्याचे वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. गणित-विज्ञान तेच शिकवतात. ठरावीक वेळच मिळत नाही. — बेळगाव

वेळेऐवजी आठवड्याचं काम ठरवा. तीन शिफ्ट म्हणजे तीन आठवड्यांची एक फेरी. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात (दुपारी २ ते रात्री १०) वडील सकाळी ताजे असतात, नवा धडा तेव्हाच : ९ ते १०.३०. पहिल्या शिफ्टला ते दुपारी परततात. जेवण आणि झोप झाल्यावर साडेचारला तासभर फक्त उदाहरणं सोडवून घ्यावीत. रात्रपाळीत त्यांच्याकडून काहीच अपेक्षा ठेवू नका. त्या आठवड्यात मुलाने उजळणी करावी, तुम्ही मागच्या पानावरच्या उत्तरांशी ताडून बघा. एका फेरीत एक मोठा धडा किंवा दोन लहान होतात.

यात दोन गोष्टी बिघडतात. आई एका रीतीने भागाकार मांडते, वडील दुसऱ्या रीतीने, आणि मूल दोन्हींची सरमिसळ करतं. वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर एक सोडवलेलं उदाहरण लिहून ठेवावं, तुम्ही तीच मांडणी धरा. दुसरं, बाबा रात्री साडेदहाला येतात म्हणून मूलही जागतं. त्याची झोपायची वेळ शिफ्टबरोबर हलता कामा नये.

मुलगी १३ वर्षांची. दहावी घरून करायची आहे. त्यासाठी दोन-तीन वर्षांचं नियोजन कसं करावं? — निपाणी

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश देतं. मराठी माध्यम घेता येतं. पास व्हायला पाच विषय लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. सुटलेला विषय जमा राहतो. म्हणून पाचही विषय एकदम न घेता पहिल्या खेपेला दोन, पुढच्या खेपेला तीन बसवा. मराठी किंवा गृहविज्ञान आधी, गणित नंतर. रोज साडेतीन तास पुरतात. बहुतेकांची फसगत होते ती गृहपाठात. टीएमए नावाचे हे गृहपाठ परीक्षेआधीच ठरल्या तारखेला द्यावे लागतात आणि त्यांना २० टक्के गुण असतात. प्रत्येक विषयाचा टीएमए परीक्षेच्या चार महिने आधी सुरू करा.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये घरशिक्षणाची वेगळी तरतूद नाही. उलट कलम १० पालकांवर मुलांना शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं. शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क कलम ४ देतं, तो १४ वर्षांपर्यंत. त्यामुळे परतीची वाट उघडी ठेवा : टीसी, एसएटीएस क्रमांक (कर्नाटक शिक्षण खात्याच्या नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक), जन्मदाखला आणि आठवीपर्यंतच्या गुणपत्रिका एका फाइलीत.

घरात कुणालाच धड कन्नड येत नाही. ते कधी आणि कसं बसवायचं? — बेळगाव

रोज २० मिनिटं, पण इंग्रजीला लागून नको. दोन्ही लिप्या नव्या असतात तोवर मधे गणित किंवा खेळ ठेवा. वर्णमालेचा क्रम मराठीसारखाच आहे, त्यामुळे अक्षरं लवकर बसतात. अडतं ते ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ यांच्यापाशी, कारण मराठी लिपीत हा भेद वेगळा लिहिला जात नाही. पहिले तीन महिने दुकानांच्या पाट्या, बसचे फलक आणि बिस्किटांचे पुडे वाचू द्या, व्याकरण नंतर. बाजाराच्या दिवशी एका दुकानात फक्त कन्नडमध्ये भाव विचारून सामान घ्यायचं काम मुलाकडे सोपवा. शाळेत परतायचं झालं तर २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते, म्हणून डब्यातल्या कन्नडच्या चिठ्ठ्या कधी फेकू नका.