दहावा महिना लागला की झोप उडते

भाड्याने राहणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. पगार बरा असतो, संसार नीट चाललेला असतो, पण ११ महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा. मालक काय म्हणतील, भाडं किती वाढवतील, खाली करा म्हणाले तर मुलांची शाळा, रिक्षाकाका, पाळणाघर सगळं परत पहिल्यापासून.

त्यातल्याच, माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एक ताई (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पुण्यात सहकारनगरच्या वरच्या अंगाला, तळजईच्या चढावर घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही म्हणून भाडं परवडणारं. चढाचा त्रास होतो का विचारलं तर म्हणाल्या, "सवय झाली हो, सकाळी टेकडीवरचे मोर ओरडतात, घर फार आवडतं." आणि बोलता बोलता कळलं की भिंतीवरचं घड्याळ तीन वर्षं फ्रिजवर टेकवून ठेवलंय. खिळा ठोकायचा तर मालकांना विचारावं लागेल.

"मग विचारलंत का?"

"नाही."

"आणि तो बाथरूमचा नळ गळतोय म्हणालात, त्याचं?"

"त्याचंही नाही. फोन केला की त्यांना आमची आठवण येईल ना मॅडम, मग करारही आठवेल."

तीन वर्षं ही बाई स्वतःच्याच घरात लपून राहत होती. तेव्हा लक्षात आलं की नुसता धीर देऊन इथे भागणार नाही.

पुढच्या भेटीत त्यांना भीती एका वाक्यात लिहायला सांगितली. त्यांनी लिहिलं, 'हे घर सोडायला लागूच नये.' म्हटलं, आता त्यातला 'च' खोडा आणि मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं, परत एकदा वाचलं.

"ही तर नुसती इच्छा झाली."

"आणि आधी काय होतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हुकूम. पण कोणाला सोडत होते मी?" आणि डोळे भरून आले.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विचारपद्धती मला इतक्या वर्षांनंतरही जवळची वाटते ती अशा क्षणांसाठी. भीती घरमालकात नसते, आपल्या त्या 'च' मध्ये असते. हुकूम मोडेल म्हणून माणूस गोठून बसतो, इच्छा असली की तिच्यासाठी हातपाय हलवतो.

आणि हलवण्यासारखं बरंच असतं. करार ११ महिन्यांचाच हवा असं कुठे नाही, २२ किंवा ३६ महिन्यांचाही होतो, मागून तर बघा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळे नुसत्या नोटरीच्या कागदावर राहू नका. भाडं दरवर्षी किती वाढणार, नोटीस किती महिन्यांची, सगळं आधीच लिहून घ्या. चढावरचं घर बघायला जाताना एकदा भाजीची जड पिशवी घेऊन बसस्टॉपपासून चालत वर जा, आणि वरच्या मजल्याला उन्हाळ्यात पाणी चढतं का ते शेजारच्यांना विचारा, एजंटला नको.

ताईंनी फोन माझ्यासमोरच केला, आवाज थरथरत होता. "काका, नळ गळतोय, आणि हॉलमध्ये एक खिळा ठोकू का?"

"अहो ठोका की. भिंत जुनी आहे, आधी गुट्टी बसवून घ्या."

दोन वर्षांच्या कराराचं विचारलं, तर मुलाशी बोलून सांगतो म्हणाले. ते उत्तर यायच्या आधीच, त्या रविवारी, घड्याळ भिंतीवर लागलं.