पोराला लीगमध्ये ठेवू की युनियनमध्ये? पैशांचं गणित आणि गद्दारीचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मग उत्तर लिहायला बसलो. मुलगा पंधरा वर्षांचा, गावच्या क्लबात रग्बी लीग खेळतो. सुपर लीगमधल्या (इंग्लंडमधली रग्बी लीगची सर्वात वरची स्पर्धा) एका क्लबाने त्याला स्कॉलरशिप देऊ केली आहे. त्याच सुमारास एका महागड्या शाळेच्या युनियन प्रशिक्षकाने फी माफ करायचं बोलणं काढलंय. मुलगा म्हणतो, "आधी लीगमध्ये नाव काढतो, मग युनियनमध्ये जाऊन पैसा कमावतो." त्याचे बाबा म्हणतात, लीगमध्ये पैसा नाहीच, तर आत्ताच युनियन का नको? आणि तुमच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या क्लबाने त्याला सहाव्या वर्षापासून वाढवलं, तिथली माणसं उद्या त्याला गद्दार म्हणाली तर?

मी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डजवळ बावीस वर्षं राहतोय. त्यातली चौदा वर्षं एका हौशी क्लबात कामाला असतो: मैदानावर चुन्याच्या रेषा आखणं, मुलांना व्हॅनने नेणं-आणणं, पडेल ते काम. त्यामुळे जे लिहितोय ते जवळून पाहिलेलं आहे. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: मुंबईत जिमखान्यावर तुम्ही पाहिली असेल ती रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीगमध्ये तेरा जण असतात आणि सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो.)

आधी गद्दारीचं बोलू, कारण पैशांचं उत्तरही त्यातच आहे.

रग्बी लीग हा खेळ जन्मालाच आला तो बुडालेल्या मजुरीच्या भांडणातून. १८९० च्या आसपास यॉर्कशायर आणि लँकाशायरच्या संघांत खाणकामगार, गिरणीकामगार, गोदीतले हमाल खेळायचे. शनिवारी सामना म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा आणि दूर गावी जायचं तर अख्खा दिवस. दक्षिणेकडच्या वकील-डॉक्टर खेळाडूंना त्याची झळ नव्हती. उत्तरेच्या क्लबांनी मागितलं ते एवढंच की बुडालेल्या वेळेची भरपाई देऊ द्या. १८९३ साली रग्बी संघटनेच्या लंडनमधल्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. २९ ऑगस्ट १८९५ ला इथेच, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात, उत्तरेच्या क्लबांनी आपली वेगळी संघटना काढली. खेळाडूला दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरली. सहा शिलिंग! त्यावरून एका खेळाचे दोन खेळ झाले. स्टेशनसमोरच्या त्या इमारतीवरून जाताना आजही माझी पावलं जरा थबकतात.

ऑस्ट्रेलियातही तेच. सिडनीत ॲलेक्स बर्डन नावाचा युनियन खेळाडू खेळताना जखमी झाला, कामावर जाता येईना आणि भरपाई मात्र काही नाही. त्या असंतोषातून १९०७ साली तिथे लीगची संघटना उभी राहिली. उभी करणाऱ्यांत व्हिक्टर ट्रम्पर होता, हो, आपल्या क्रिकेटवाल्यांना माहीत असलेला तोच ट्रम्पर. तेव्हाचा युनियनचा सगळ्यात मोठा तारा डॅली मेसेंजर. त्याला लीगमध्ये आणायचं तर आधी आईची परवानगी घ्यावी लागली. ताई, आईपुढे हा प्रश्न येण्याची ही पहिलीच वेळ नाही.

पुढची शंभर वर्षं पैसा लीगकडे होता आणि माणसं युनियनमधून इकडे यायची. विशेषतः वेल्समधून. जोनाथन डेव्हिससारखा वेल्सचा कर्णधार १९८९ मध्ये विडनेस या लीग क्लबाला आला. तेव्हा "उत्तरेला जाणं", म्हणजे लीगमध्ये जाणं, म्हणजे युनियनची दारं जन्माची बंद. २६ ऑगस्ट १९९५ ला युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला मान्यता दिली, बंदी उठली आणि वारं उलटं वाहू लागलं. तेव्हा मी एवढंच म्हणेन की आपल्या श्रमाचं मोल मागितलं म्हणून लीगमध्ये कोणी कोणाला गद्दार म्हणू नये. म्हणणारे भेटतील, चहाच्या टपरीपाशी एखादा म्हातारा बोलेलही. पण तोच म्हातारा मुलगा परत आला की पहिला जाऊन त्याचा हात हातात घेतो. हे मी पाहिलंय.

आता आकडे. सुपर लीगमध्ये एका क्लबाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा आहे आणि ती बरीच वर्षं २१ लाख पौंडांवर थबकलेली आहे. पंचवीस-तीस जणांत वाटली तर डोक्याला सत्तर-ऐंशी हजार पडतात. हे ऐकून बाबांना वाटेल की काही वाईट नाही. पण वाटणी अशी सारखी होत नसते. वरचे पाच-सहा जण मोठा वाटा नेतात आणि विशीतल्या पोराच्या हाती जे पडतं त्यात लीड्समध्ये एकट्याने खोली भाड्याने घेणंही जिकिरीचं. "मार्की" खेळाडूला कितीही दिले तरी मर्यादेत दीड लाखच धरतात, क्लबातच घडलेला असेल तर ७५ हजार. म्हणजे नामवंतांना वाट मोकळी आहे, मधल्यांना नाही. आणि कागदावरचा आकडा खात्यात पडेलच असंही नाही. २०२५ मध्ये सॅलफर्डच्या खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा लांबले. सुपर लीगच्या पहिल्याच सामन्यात त्यांना पोरंसोरं उतरवावी लागली आणि सेंट हेलेन्सकडून ८२-० हरावं लागलं. त्या रात्री मी ते बघत होतो. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, मागे हटत नव्हती. पोटात कालवलं.

त्याखालच्या पातळीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, बहुतेक जण दिवसा नोकरी करून खेळतात. आमच्या क्लबातून वर गेलेला एक मुलगा प्लास्टरचं काम करतो. मंगळवारी सरावाला येतो तेव्हा कोपरापर्यंत पांढरा, नखांत चुना. बाकावर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळतो, दातांनी तोडतो आणि मैदानात उतरतो. मागच्या वर्षी त्याचा खांदा निखळला. क्लबाने सामन्याचे ठरलेले पैसे दिले, उपचारही झाले. पण पुढचे नऊ आठवडे त्याला थापी उचलता येईना, आणि काम नाही तर मजुरी नाही. त्या नऊ आठवड्यांचं कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणजे १८९५ चा प्रश्न अजून सुटलेला नाही, फक्त खालच्या पायरीवर सरकलाय. मला या खेळाची सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

आता तुमच्या मुलाचा बेत: लीगमधून युनियनमध्ये उडी. ही उडी ज्यांना लाभली त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. जेसन रॉबिन्सन विगन या लीग क्लबातून २००० मध्ये सेल या युनियन क्लबाला गेला आणि २००३ च्या युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय केला (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला). त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाचा ट्राय केला लोटे तुकिरीने, तोही लीगमधूनच आलेला. सॉनी बिल विल्यम्स २००८ मध्ये सिडनीतला करार अर्धवट टाकून तुलाँ या फ्रान्समधल्या युनियन क्लबाला गेला, खूप शिव्या खाल्ल्या, मग न्यूझीलंडकडून दोन विश्वचषक जिंकला आणि मधल्या काळात परत येऊन २०१३ ची लीगची स्पर्धाही जिंकून गेला. जोसेफ सुआलीईला युनियनने वर्षाला सुमारे सोळा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन उचलल्याच्या बातम्या होत्या. व्यावसायिक युनियनचा एकही सामना खेळलेला नसताना तो नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्विकनमला इंग्लंडविरुद्ध थेट ऑस्ट्रेलियाकडून उतरला, आणि ऑस्ट्रेलियाने ४२-३७ असा सामना मारला.

या नावांत एक गोष्ट बघा. युनियनमध्ये सगळे मागच्या फळीत खेळले: विंगर, सेंटर, फुलबॅक. युनियनचा पैसा लीगमधून मुख्यतः अशीच माणसं विकत घेतो, कारण वेग, पकड, अंगावर आलेल्याला चुकवणं हे दोन्ही खेळांत सारखंच चालतं. पुढच्या फळीचं तसं नाही. युनियनमधला स्क्रम (दोन्ही पुढच्या फळ्यांची रेटारेटी) खरा जोर लावून होतो, लाइनआउट (बाहेरून फेकलेला चेंडू उंच झेलणं) असतो, पडलेल्या चेंडूवरची झोंबाझोंबी असते. ते कसब लहानपणापासून अंगात मुरावं लागतं. सामन्याला चाळीस टॅकल करणारा लीगचा दणकट प्रॉप (पुढच्या फळीतला) कितीही चांगला असो, युनियनचा दलाल सहसा त्याच्या दारात येत नाही.

सॅम बर्जेसचं उदाहरण मी मुलांना नेहमी सांगतो. २०१४ च्या सिडनीतल्या लीगच्या अंतिम सामन्यात पहिल्याच टक्करीत गालाचं हाड मोडलं, तसाच ऐंशी मिनिटं खेळला आणि सामन्याचा सर्वोत्तम ठरला. मग बाथ या युनियन क्लबाला गेला. क्लबाने त्याला फ्लँकर (पुढच्या फळीतला) म्हणून खेळवलं, इंग्लंडने सेंटर म्हणून. २०१५ चा विश्वचषक घरच्या मैदानावर आणि इंग्लंड साखळीतच बाहेर. खापर बरंचसं त्याच्यावर फुटलं. वर्ष संपायच्या आत तो सिडनीला परतला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही शिकायला एक मोसम पुरला नाही. रॉजर तुइवासा-शेकने लीगचं सर्वोच्च पदक मिळवलेलं (ते पदकही डॅली मेसेंजरच्या नावाचं), युनियनमध्ये न्यूझीलंडसाठी तीन कसोट्या खेळला आणि २०२४ ला परत आला. यात अपयश नाही. मात्र माणूस जितकी वर्षं नव्याने शिकण्यात घालवतो, तितकी वर्षं शरीराच्या शिलकीतून वजा होतात.

बाबांना हेही सांगा की युनियन म्हणजे पैशांचा पाऊस ही समजूत आता जुनी झाली. तिथली मर्यादा ६४ लाख पौंड, लीगच्या तिप्पट. पण संघही मोठे, आणि त्या खर्चाखाली वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एकाच मोसमात बुडाले. शेकडो लोकांचे पगार गेले.

माझ्या मते आज इथल्या हुशार पोराला मोह पडतो तो युनियनचा कमी, सिडनीचा जास्त. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये (तिथली लीगची मुख्य स्पर्धा) एका क्लबाची मर्यादा एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, म्हणजे आपल्या दुपटीहून जास्त, आणि खेळही तोच! नवं काही शिकायला नको. आमच्याच हडर्सफील्डकडून खेळलेला डॉम यंग विशीच्या आत ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला गेला आणि तिथे नावाजला. उद्या तुमच्या मुलाला कोणी उचललं तर ते बहुधा तिकडून असेल.

आणि तिथेही चित्र बदलतंय. २०२५ मध्ये आर३६० नावाची नवी युनियन स्पर्धा मोठ्या रकमांची आमिषं घेऊन आली, तेव्हा एनआरएलने जाहीर केलं की मान्यता नसलेल्या स्पर्धेत जाईल त्याला दहा वर्षं बंदी. झॅक लोमॅक्ससारखा खेळाडू चालू करार सोडून बसला आणि ती स्पर्धाच २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली. शंभर वर्षं युनियनने आमच्या माणसांवर जी बंदी घातली, तीच भाषा आता लीग बोलतेय. मला ते मनापासून आवडलं नाही.

तर आत्ता काय करायचं? पंधराव्या वर्षी एक दार बंद करून दुसरं उघडायची गरजच नाही. १९९५ नंतर दोन्हीकडे खेळायला कुठलीही आडकाठी नाही. आमची दोन मुलं शाळेकडून युनियन आणि रविवारी क्लबाकडून लीग खेळतात. अडचण येते ती स्कॉलरशिपच्या सरावाच्या वारांची आणि थकव्याची, म्हणून ते वेळापत्रक आधी हातात घ्या. त्याची जागा कोणती तेही नीट विचारा. सेंटर किंवा फुलबॅक असेल तर शाळेचं बोलणं गांभीर्याने ऐका. हुकर किंवा लूज फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला, असेल तर युनियनच्या पैशांवर आज एक पौंडाचाही हिशेब मांडू नका. शाळेची फी-माफी मात्र खेळापलीकडची गोष्ट आहे, तिची किंमत शिक्षण म्हणून वेगळी करा. आणि क्लबाच्या माणसाला तोंडावर विचारा: दुखापत झाली तर किती महिने पैसे चालू राहतात, आणि नंतर वर्ष वाया गेलं तर कॉलेजचं काय? हे विचारायला लाजू नका. उत्तर देताना तो कागद पुढे करतो की नुसता हसतो, त्यावरून बरंच कळेल.

करार आला की सही करण्याआधी मला दाखवलात तरी चालेल. येत्या रविवारी अकरा वर्षांखालच्यांचा सामना आमच्याकडे आहे, दहा वाजता. बाबांनाही घेऊन या. तो प्लास्टरवाला मुलगा तेव्हा लहानांना शिकवायला येतो, त्याच्याशी बोला. माझ्यापेक्षा तो जास्त सांगेल.