जुन्या ट्रकचे ढिले स्टेअरिंग आणि झिजलेली पुढची बाजू नव्याने कशी बांधावी?

तुमच्या प्रश्नातली लक्षणे थोडक्यात अशी आहेत: ट्रक जुना आहे, पुढे अखंड ॲक्सल आणि कमानपाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत, स्टेअरिंग बरेच फिरवल्यावर कुठे चाके वळू लागतात, सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे ओढते आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरत राहतात. स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाची गिअरची पेटी) आवळून भागेल की सगळेच बदलावे लागेल, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की बॉक्सला सर्वांत शेवटी हात लावावा. स्टेअरिंगच्या चाकापासून टायरपर्यंत जितके सांधे आहेत, त्या प्रत्येकातली थोडीथोडी झीज एकत्र होऊन तुमच्या हाताला तो मोठा प्ले (मोकळी हालचाल) जाणवतो. बॉक्सचा स्क्रू आवळल्याने बाकीच्या सांध्यांतली झीज तिथेच राहते आणि वर बॉक्स खराब होतो.

म्हणून आधी तपासणी, तीही गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी असताना. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, मदतनिसाला स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थोडेथोडे हलवत राहायला सांगा आणि तुम्ही बाजूने वाकून ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड (दोन्ही पुढची चाके जोडणारा दांडा) अशा क्रमाने एकेक सांधा पाहा. जिथे सांध्याचा अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथे झीज आहे. डोळ्यांना फसवणारी हालचाल सांध्यावर आडवे बोट ठेवले की लगेच कळते. त्याच वेळी बॉक्स स्वतः चासीवर सरकतो आहे का आणि त्याच्या बोल्टांच्या भोकांभोवती चासीला तडा आहे का, हेही पाहून घ्या. हा तडा पुष्कळदा रंगाच्या आणि तेलकट मातीच्या थराखाली दडलेला असतो, त्यामुळे तो भाग घासून स्वच्छ केल्याशिवाय निकाल देऊ नये.

नंतर मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, ॲक्सल उचला आणि मजबूत स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हलते आहे असे दिसले की मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर ती हबच्या बेअरिंगची होती. तरीही राहिली तर ती किंगपिनची (ज्याभोवती पुढचे चाक वळते त्या उभ्या पिनची) आहे. किंगपिन आणि त्याभोवतीचे बुश (नळीसारखे अस्तर) झिजले की वजनामुळे चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायरची आतली कड आधी जाते. टायरच्या नक्षीवर हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागत असेल, तर मात्र आधी टो-इनवर (पुढच्या चाकांची समोरची बाजू किंचित आत वळलेली असण्यावर) संशय घ्यावा.

किंगपिन हा या कामाचा खरा गाभा आहे आणि बहुतेक वेळ तोच खातो. पिन ॲक्सलच्या डोळ्यात एका निमुळत्या लॉक-पिनने पक्का बसवलेला असतो आणि स्टब ॲक्सल (चाक धरणारा, वळणारा भाग) आपल्या वरच्या व खालच्या बुशांवर त्याच्याभोवती फिरतो. वर्षानुवर्षे ग्रीस न मिळालेला पिन गंजून इतका धरतो की घणाच्या घावांनी त्याचे टोक पसरते, आणि मग तो आणखीच निघत नाही. आधी लॉक-पिन पूर्णपणे काढा, वरखालची झाकणे काढा, भेदक तेल भरपूर मुरू द्या आणि शक्य असेल तर ॲक्सल उतरवून हायड्रॉलिक प्रेसखाली न्या. गॅसने तापवण्याचा मोह होतो, पण घडीव ॲक्सल आणि स्टब यांची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. ती लालबुंद तापवून घालवणे मला पटत नाही.

पिन निघाल्यावर ॲक्सलचा डोळा मापून पाहा. नवा पिन तिथे हाताने खुळखुळत असेल तर नव्या बुशांचा काही उपयोग नाही; तो ॲक्सल चांगल्या कार्यशाळेत दुरुस्त करून घ्यावा किंवा बदलावा. नवे बुश दाबून बसवताना त्यांचे ग्रीसचे भोक स्टबमधल्या ग्रीसच्या वाटेशी तंतोतंत जुळले पाहिजे. हे एवढेसे चुकले तरी निपलमधून कितीही पंप मारला तरी पिन कोरडाच राहतो. बसवल्यावर आतला व्यास किंचित आक्रसतो, म्हणून रिमर (भोक अचूक मापात कापणारे हत्यार) मारावा लागतो, आणि तो असा लांब असावा की वरचा आणि खालचा बुश एकाच सरळ रेषेत कापला जाईल. पिन तेल लावून हाताच्या दाबाने, न अडकता, न डुगडुगता उतरला म्हणजे माप बरोबर. (बसवल्यावर रिमर न लागणारे तयार मापाचे बुशही मिळतात, तिथे मात्र स्टबचे भोक स्वच्छ आणि गोल असणे अधिक महत्त्वाचे.) गाडीचे वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग ॲक्सलच्या डोळ्याखाली बसते आणि त्याची झाकलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे पाणी व चिखल आत उतरत नाही. वरच्या बाजूची उरलेली फट शिमने (पातळ चकतीने) भरून मॅन्युअलमधल्या मापात आणा. पुढे नेहमीचे ग्रीसिंग करतानाही चाके जमिनीवरून उचलूनच करावे, कारण वजनाखाली दाबलेल्या पृष्ठभागांमध्ये ग्रीस शिरत नाही.

स्टब खोललेला असतो तेव्हाच हबचे टेपर बेअरिंग धुऊन, पाहून, नवे सील लावून बसवा. हब फिरवत नट आवळायचा आणि मग सोडायचा. अशा बेअरिंगला साधारण 0.03 ते 0.13 मिमी इतका मोकळेपणा सामान्यतः ठेवतात, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे सांधे ढिले असतील तर सरळ बदलावेत. मात्र नवा सांधा बसवण्यापूर्वी आर्ममधले निमुळते भोक पुसून पाहा. ते लांबट झाले असेल तर नवा सांधाही थोड्याच दिवसांत सैल होईल. खाचांचा नट ठरलेल्या टॉर्कवर आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट थोडा पुढे फिरवायचा, मागे कधीच नाही. ड्रॉप आर्म किंवा स्टेअरिंग आर्म वाकलेला आढळला तर तो तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे हा पर्याय मुळीच नाही.

कमानपाट्यांकडे लोक उशिरा वळतात. पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी सतत एकीकडे ओढते. दोन्ही बाजूंचे पुढच्या ते मागच्या चाकापर्यंतचे अंतर मोजले की हे उघड होते. पाटे दबून खाली बसले असतील तर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपोआप वळू पाहते. म्हणून पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच दुरुस्त करावेत, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घालावेत आणि ते आळीपाळीने तिरक्या क्रमाने आवळावेत. शॅकलला (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीला) रबरी बुश असतील तर त्यांचे शेवटचे आवळणे गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच करा, नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

आता बॉक्स. ड्रॅग लिंक सोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून बरोबर मध्यावर आणा, आणि तिथेच सेक्टर शाफ्टचा (ड्रॉप आर्म फिरवणाऱ्या बॉक्समधल्या दांड्याचा) स्क्रू मॅन्युअलप्रमाणे लावा. बॉक्स सर्वाधिक झिजतो तो मध्यभागी, कारण गाडी बहुतांश वेळ सरळ चालते; त्यामुळे मधला प्ले पूर्ण काढायला गेलात तर थोडे वळवल्यावर तो अडकू लागतो आणि स्टेअरिंग परत फिरत नाही. अडकत असेल तर बॉक्स उघडून आतले भाग बदलणे हाच उपाय आहे.

शेवटी अलाइनमेंट, हवेचा दाब नीट भरून आणि गाडी सपाट जागी उभी करून. अखंड ॲक्सलवर टो-इन टाय रॉडने लागतो आणि बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) लावण्याची सोय नसते, कास्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) मात्र पाटे आणि ॲक्सल यांच्यामधल्या निमुळत्या पाचरीने बदलतो. तुमच्या ट्रकच्या मागच्या बाजूला कोणी जादा पाटे घालून ती उंच केली असेल, तर कास्टर कमी होऊन गाडी भरकटते, हे विसरू नका. उलट कास्टर गरजेपेक्षा जास्त झाला तर चाके थरथरू शकतात. नवे भाग घातल्यावरही थरथर उरली तर स्टेअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) लावण्याआधी चाकांचे बॅलन्सिंग, टायरचा गोलपणा आणि कास्टर तपासा. थोडे अंतर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळावे लागतात. त्याच वेळी टाय रॉडचे क्लॅम्प आणि सगळ्या स्प्लिट पिनही पाहून घ्या.