मान्यता हातात, टार्गेट हवेत

कोपरखैरण्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४१. भाड्याच्या गाळ्यात बारा वर्षं टॅली आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. महिन्याला लाखभर फी जमते. भाडं, एक शिक्षिका आणि वीजबिल जाऊन ५५ हजार उरतात. यजमान रबाळ्याला कंपनीत. एफडी ९ लाखांची, सिडकोच्या फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, मुलगी अकरावीला. आता क्लास तसाच ठेवून त्यांना घणसोलीत १,२०० चौरस फुटांची जागा महिना ६० हजारांनी घ्यायची आहे आणि तिथे सरकारी योजनेखाली जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे हॉस्पिटलात रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा कोर्स सुरू करायचा आहे. खर्च १४ लाख: डिपॉझिट ३, फर्निचर आणि रंगरंगोटी ५, लॅब साडेतीन, सल्लागाराची फी अडीच. त्यातले ६ लाख एफडी मोडून, ८ लाख फ्लॅटवर कर्ज काढून. सल्लागाराचा शब्द असा, की "वर्षाला १२० मुलांचं टार्गेट मी आणतो, सरकारी पैसा आहे, बुडत नाही."

ताई, बुडत नाही हे बरचसं खरं आहे. पण पैसा उशिरा येतो आणि कापून येतो, हे सल्लागाराने सांगितलं नाही. शिवाय तुमच्या पत्रात 'मान्यता' आणि 'टार्गेट' हे दोन शब्द एकाच अर्थाने आलेत. माझी सगळी धास्ती तिथे आहे.

मान्यता मिळवणं तुमच्या हातात आहे. संस्था किंवा फर्म नोंदवायची, पोर्टलवर केंद्राची माहिती भरायची. पूर्वी हे स्मार्ट नावाच्या पोर्टलवर व्हायचं, आता स्किल इंडिया डिजिटल हबवर होतं. खोल्यांची मापं, लॅबमधल्या वस्तू, स्वच्छतागृह, कॅमेरे, सगळ्याचे जागेच्या ठिकाणासह फोटो टाकायचे. आधी कागद तपासले जातात, मग माणूस येऊन केंद्र बघून जातो. त्यानंतर संलग्नता मिळते आणि तीही कोर्सनिहाय. म्हणजे तुमच्या टॅलीच्या बारा वर्षांचा आरोग्याच्या कोर्सला काडीचा उपयोग नाही. तिथे पलंग, सरावाचा पुतळा, व्हीलचेअर, बीपीचं यंत्र लागेल आणि शिकवणाऱ्याकडे त्या विषयाचं प्रशिक्षक प्रमाणपत्र लागेल. परीक्षाही तुम्ही घ्यायची नाही. एनसीव्हीईटी या राष्ट्रीय नियामकाची मान्यता असलेली त्रयस्थ संस्था येऊन घेते. हे सगळं नीट केलंत तर मान्यता मिळेल, त्याबद्दल मला शंका नाही.

पण मान्यता म्हणजे दुकानाचा परवाना. गिऱ्हाईक परवान्याबरोबर येत नाही. टार्गेट, म्हणजे किती मुलं शिकवायची आणि त्यांचे पैसे कोण देणार, हे वेगळं मंजूर होतं. केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एनएसडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या वाटेने, आपल्याकडे महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटीकडून. त्या त्या वर्षीचा निधी, जिल्ह्याची गरज, तुमचा मागचा निकाल, सगळं त्यात येतं. कुणी सल्लागार ते खिशातून काढून देत नाही. तो बहुधा तुम्हाला एखाद्या मोठ्या टीपीखाली, म्हणजे ट्रेनिंग पार्टनरखाली, टीसी म्हणून जोडणार असेल. (टीसी म्हणजे ट्रेनिंग सेंटर. हार्बर लाइनवाल्यांनी घाबरू नये.) तसं असेल तर करार टीपीच्या नावावर, पैसा टीपीच्या खात्यात आणि त्याचा वाटा कापून उरलेला तुमच्याकडे. हा वाटा किती, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता हिशेब. केंद्र सरकारने २०१५ साली अशा सगळ्या योजनांसाठी सामाईक निकष ठरवले. प्रत्येक उमेदवारामागे तासाला दर: कोर्सच्या गटानुसार ३८.५०, ३३ आणि २७.५० रुपये. पुढे दर वाढले. पैसे तीन हप्त्यांत: बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार उत्तीर्ण झाल्यावर ५०, नोकरी लागल्यावर २०. शेवटचा हप्ता पूर्ण हवा तर उत्तीर्णांपैकी ७० टक्के मुलं तीन महिन्यांत कामाला लागली पाहिजेत. ५० टक्क्यांच्या खाली गेलात तर त्या हप्त्यातलं काहीच नाही. प्रत्येक योजना यात आपापले फेरफार करते, म्हणून तुमच्या करारातले आकडे मिळाले की तेच घाला. मी सोयीसाठी तासाला ४० रुपये आणि ४०० तासांचा कोर्स धरतो. एका मुलामागे १६,००० रुपये. तीस जणांची बॅच, ४ लाख ८० हजार. सल्लागाराने चार बॅच गुणिले हाच आकडा करून तुम्हाला १९ लाख २० हजार दाखवले असणार.

तीसच्या तीस टिकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका अशिलाच्या कामासाठी वागळे इस्टेटच्या एका केंद्रात सकाळी बसलो होतो. हजेरी आधारशी जोडलेल्या बोटाच्या ठशावर. रांगेत एक बाई होत्या, पहाटे चार घरची भांडी करून आलेल्या. बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्राचा लाल दिवा पाच वेळा लागला, मग त्यांनी बोट पदराला पुसलं, गालावरून फिरवलं, सहाव्या वेळी हिरवा. त्यात दहा मिनिटं गेली आणि मागचे सगळे खोळंबले. ज्या दिवशी हिरवा लागत नाही त्या दिवशी ती बाई शिकूनही गैरहजर. हजेरी कमी भरली की परीक्षेला बसता येत नाही. शिवाय लग्न ठरतं, गावी जावं लागतं, नाईट ड्युटी म्हटल्यावर घरचे नको म्हणतात.

म्हणून समजा पाच गळाले, तीन नापास झाले, बावीस उत्तीर्ण. पहिला हप्ता तीस जणांचा १,४४,०००. गळालेल्या पाच जणांचे २४,००० पुढच्या हप्त्यातून वळते होतील. दुसरा हप्ता बावीस जणांचा १,७६,०००. बावीसपैकी सोळा जणांना वेळेत नोकरी लावलीत तर तिसरा ७०,४००. एका बॅचचे ३,६६,४००, चार बॅचचे १४,६५,६००. टीपीचा वाटा यातून अजून कापलेला नाही.

खर्च बघा. भाडं बारा महिने द्यावं लागतं, बॅच असो वा नसो: ७,२०,०००. दोन प्रशिक्षक ५६ हजार, मुलं गोळा करणारा आणि पुढे नोकरीला लावणारा माणूस १८, पोर्टलवर माहिती भरणारा १५, वीज-इंटरनेट-साफसफाई १४, गणवेश-पुस्तकं-लॅबचं सामान २०. महिना १ लाख २३ हजार. हे मी फक्त सहा महिनेच धरतो, दोन खोल्यांत दोन-दोन बॅच एकदम चालवल्यात असं समजून: ७,३८,०००. एकूण १४,५८,०००.

उरले ७,६००. वर्षाचे.

आणि कर्जाचा हप्ता? ८ लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं म्हणजे महिना साधारण साडेतेरा हजार, वर्षाला १,६२,०००. तो टॅलीच्या क्लासमधून जाणार. मोडलेल्या एफडीचं वर्षाचं चाळीसेक हजार व्याज गेलं ते वेगळंच. एकही मूल गळलं नाही, एकही नापास झालं नाही, असं स्वप्नातलं वर्ष धरलं तरी हप्ता भरून महिन्याला पंचवीस हजार सुटतात. दरम्यान भाडं आणि पगार दर महिन्याला द्यायचे आहेत, पैसे मात्र परीक्षा, निकाल, पडताळणी यांच्या मागून येणार.

जीएसटीचं सीएला नक्की विचारा. मान्यताप्राप्त योजनेखालच्या प्रशिक्षणाला सूट असते, खासगी टॅलीला नसते. पण नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना सूट असलेली उलाढालही धरतात. सरकारी १४ आणि तुमचे १२ मिळून मर्यादा ओलांडली, की टॅलीच्या फीवर १८ टक्के लागू. शेजारचा क्लासवाला लावणार नाही, तुम्हाला लावावा लागेल.

मला सगळ्यात खटकतं ते कर्जाच्या मुदतीचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली, दुसरी आवृत्ती २०१६ ते २०, तिसरी जानेवारी २०२१ मध्ये, चौथी २०२२ ते २६ साठी. दर आवृत्तीला नियम फिरले; तिसरीपर्यंत नोकरी लावण्यावर भर होता, चौथीत तो कमी झाला. तुमचं कर्ज सात वर्षांचं. एवढ्या काळात एकदा-दोनदा तरी पाटी पुसली जाणार. कळव्याच्या माझ्या एका अशिलाने शिवणाच्या केंद्रासाठी वीस यंत्रं घेतली होती. दुसऱ्या वर्षी टार्गेट आलं नाही. चौदा महिने ती प्लास्टिकच्या खोळीत उभी होती. शेवटी निम्म्या भावात गेली.

तेव्हा फ्लॅट गहाण ठेवू नका. हे मी 'विचार करा' म्हणून सांगत नाही, नकोच म्हणतोय. मुलीला दीड-दोन वर्षांत प्रवेशाचे पैसे लागतील, तेव्हा कर्ज काढण्याची ऐपत मोकळी असलेली बरी.

सरकारी कामात उतरायचंच असेल तर तुमच्याकडे जे आहे त्यावर उतरा. संगणक आहेत, जागा आहे, सकाळी अकरा ते चार गाळा रिकामाच असतो. डेटा एंट्री किंवा हिशेबाच्या कोर्ससाठी त्याच जागेची मान्यता मागा. मापात बसते का ते आधी निकषांशी ताडून बघा. खर्चाला दीड-दोन लाखांची मर्यादा घाला. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतात, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरते. एक बॅच करा. पैसे मागितल्यापासून खात्यात यायला किती दिवस लागले ते डायरीत लिहा. घणसोलीचा विषय त्या आकड्यानंतर काढू.

याच आठवड्यात ठाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन या आणि जिल्ह्यात यंदा कोणत्या कोर्सना टार्गेट आहे ते विचारा. चौकशीला पैसे पडत नाहीत. सल्लागाराकडे तीन कागद मागा: टीपीचा करार, टार्गेट मंजुरीचं पत्र आणि त्याच्या हाताखालच्या एखाद्या केंद्राला तिसरा हप्ता मिळाल्याचं बँक स्टेटमेंट. अडीच लाखांपैकी एक रुपयाही त्याआधी देऊ नका. कागद आलेच तर मला पाठवा, वाचून सांगतो. तोपर्यंत घणसोलीच्या जागामालकाला टोकन देऊ नका. तो दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल, म्हणू दे.