रबराचं भूत दिसत असूनही लोक रात्री जागून जुने हॉरर पिक्चर का बघतात?

मुखवटा रबराचा आहे हे कळत असताना भीती कसली वाटणार, आणि भीतीच नाही तर रात्री दीड वाजेपर्यंत टीव्हीसमोर बसायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावातल्या वडगावचा. नव्वदच्या दशकापासून हे पिक्चर बघतोय. मला तो मुखवटा दिसतो म्हणूनच मी ते बघतो.

आमचे बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते, म्हणजे लोखंड ओतायचे साचे करायचे. सेकंड शिफ्ट सुटली की सायकलवरून घरी पोचायला पावणेबारा व्हायचे. हातपाय धुऊन ते ताटावर बसायचे तेव्हा केबलवर भुताचा पिक्चर नुकता सुरू झालेला असायचा. आई झोपलेली, म्हणून आवाज अगदी बारीक. मी अंथरुणातून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसायचो. आठवडाभरात बाबा मला निवांत भेटायचे ते याच वेळेला. दोन भिंती पलीकडे कापड विणायचा माग चालू असायचा, त्याची खडखड रात्रभर यायची. पावसाळ्यात कौलांवरचं पाणी आणि मागाची खडखड, त्यात पिक्चरमधला वाड्याचा दरवाजा कुरकुरायचा. कुठला आवाज टीव्हीतला आणि कुठला गल्लीतला, हे नीट कळायचं नाही.

मागवाल्यांच्या घरातल्या अक्का कधीकधी खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. घरात या म्हटलं तर यायच्या नाहीत. घरी त्यांचं सगळं बोलणं कन्नडमधून, हिंदी फारसं कळत नसे. पण धुकं पसरलं, निळा उजेड पडला की आमच्या आधी त्या म्हणायच्या, "अय्यो, देव्व बंतु!" भूत आलं. आणि खरंच पुढच्या मिनिटाला यायचं.

एका रात्री राक्षसाचं तोंड अगदी जवळून दाखवलं. मी बाबांच्या दंडाला धरलं. त्यांनी घास हातातच ठेवला आणि पडद्याजवळ सरकले. म्हणाले, "ही बघ की, कानापासून गळ्यापर्यंत. पार्टिंग लाईन हाय ही." साचा दोन भागांत असतो, ते दोन भाग जिथं मिळतात तिथं मालावर बारीक धार उठते. लोखंडाच्या कास्टिंगवर ती घासून काढतात, त्याला फेटलिंग म्हणतात. रबरावर ती तितकी साफ निघाली नव्हती. मग बाबांनी ताटातल्या भाताचा गोळा दोन्ही तळव्यांत दाबून त्यांच्यामधली रेघ कशी उमटते ते दाखवलं. तेवढ्यात राक्षस पुन्हा आला आणि आम्ही दोघंही दचकलो. तेही दचकले, ज्यांनी नुकती धार दाखवली होती ते!

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. कुणीतरी हे हातानं केलंय हे दिसतं आणि तरी छातीत धडधडतं. दोन्ही एकदम होतं, आणि ते मला दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये मिळत नाही.

आपल्याकडे या पिक्चरांचं नाव म्हणजे रामसे बंधू. वडील एफ. यू. रामसे, कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबईला आले. मुलगे सात. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला जातात तो प्रसंग लोकांनी उचलून धरला होता, आणि तुलसी-श्याम या भावांनी थिएटरात बसून ते पाहिलं होतं. तिथून 'दो गज जमीन के नीचे' निघाला, १९७२ साली. महाबळेश्वरला एका गेस्ट हाऊसमध्ये सगळं कुटुंब जाऊन राहिलं, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, कुमार लिहिणार, किरणकडे आवाज. आमच्या गल्लीत मागावर जसं एकाच घरातलं कुणी कांडी भरतं आणि कुणी माग चालवतं, तसंच ते वाटतं मला. धुराचं यंत्र, लाल-निळे-हिरवे दिवे आणि एक पडका वाडा, एवढ्यावर त्यांनी वीस वर्षं देशाला जागवलं. त्याला 'टुकार' म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो.

त्यांचा 'पुराना मंदिर' १९८४ चा. त्यातला राक्षस, सामरी, झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणानं इंजिनिअर, रुरकीचे. उंची सहा फुटांच्या बरीच वर आणि चेहरा असा लांब, कोरीव की मुखवट्याची फारशी गरजच नाही. गोष्टीत एक राजा या सामरीचं मुंडकं उडवतो, मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे बंद करून ठेवतात. मरताना सामरी शाप देतो, राजाच्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आणि हे सगळं घडतं कुठं, तर विजापुरात!

आमच्याकडच्या पोरांना हे काय वाटलं असेल ते मुंबई-पुण्याकडच्यांना कळायचं नाही. विजापूर आमच्या शेजारचा जिल्हा. बेळगावच्या स्टँडवर 'विजापूर' पाटीची गाडी रोज उभी असायची. मी कित्येक दिवस त्या गाडीच्या बाजूनं जात नव्हतो. पुढे शाळेची सहल विजापूरला गेली. गोलघुमटात वरच्या सज्जावर गेलं की एक आवाज टाकला तरी सात-सात वेळा परत येतो. बाकीची पोरं टाळ्या वाजवत होती. आमच्या वर्गातल्या एकानं भिंतीला तोंड लावून हळूच म्हटलं, "सामरी." ते नाव घुमटभर फिरून प्रत्येकाच्या कानाशी आलं. सर ओरडले, त्यांचं ओरडणंही सात वेळा आलं. तितकी गार पडलेली सहल मी दुसरी पाहिली नाही.

तुम्हाला बघायचाच असेल तर मोबाईलवर तुकडे बघू नका. त्यात फक्त भूत येतं, वाट बघणं येत नाही. रात्री टीव्हीवर लागतो तेव्हा लावा, घरातलं कुणीतरी शेजारी घ्या, दिवा घालवा. चिरमुऱ्यात शेंगदाणे, कांदा आणि चटणी कालवून मोठी परात मध्ये ठेवा. मधे जाहिराती येतात त्याला वैतागू नका, त्यांची या पिक्चरांना गरज आहे. 'आता ती दार उघडणार' असं भांडायला आणि मोरीकडे जायचा धीर गोळा करायला तेवढाच वेळ मिळतो. विनोदाचे प्रसंग मात्र लांबतात. 'पुराना मंदिर'मधला जगदीपचा डाकू मलाही जड जातो, त्या वेळात चहा ठेवावा.

बाबांना आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. फौंड्रीच्या आवाजानं कान गेलेत, त्यामुळे आता टीव्ही मोठ्यानं लावावा लागतो आणि आई आतून ओरडते. मागच्या महिन्यात बाराच्या सुमाराला एक जुना पिक्चर लागला. मी जेवून आडवा झालो होतो, बाबांनी हाक मारली. वाड्याच्या तळघरात नोकर कंदील घेऊन उतरत होता, पुढे साखळदंडानं बांधलेली पेटी. बाबा पुढे सरकून बसले, चष्मा वर केला. "ती साखळी लाकडाची हाय रे," म्हणाले, "रंग दिलाय वर. हलली तरी वजन दिसंना." मी बघितलं, खरंच दिसत नव्हतं. मग पेटीचं झाकण हललं आणि बाबांनी माझा हात धरला.